‘लहान आहे, विसरेल’ असे म्हणण्याआधी

पती किंवा पत्नी गेल्यानंतर, अथवा घटस्फोटानंतर, घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघतो आणि पदरी तीन-चार वर्षांचे मूल असते, तेव्हा काही प्रश्न हमखास विचारले जातात. भिंतीवरचा फोटो काढावा का? नव्या आईला ‘आई’ म्हणायला लावावे का? आजोळी पाठवणे कमी करावे का? शाळेत आडनाव कोणते घालावे? मुलाचा पहिल्या वडिलांच्या जमिनीतला वाटा राहतो की जातो? वडीलधाऱ्यांकडून या सगळ्यांवर बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘लहान आहे, विसरेल. जुने उगाळू नका, म्हणजे नव्या घरात लवकर रुळेल.’ सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. पण त्यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा चुकीचा. मूल विसरते, कारण त्या वयातली आठवण त्याच्या एकट्याच्या बळावर टिकत नाही. ती घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यावर टिकते. म्हणजे तुम्ही गप्प बसलात, तर ‘विसरेल’ हे भाकीत तुम्हीच खरे करता. मुलाचे पहिले आई किंवा वडील, त्याचे नाव आणि त्याचा वाटा हे त्याचे स्वतःचे आहे. दुसऱ्या लग्नाने त्यातले काहीही आपोआप जात नाही आणि जाऊ देऊही नये. नवे नाते चांगले रुजावे असे वाटत असेल, तर हे सारे राखूनच पुढे जावे लागते. ते कसे राखावे, याचाच हा विचार आहे.

तीन वर्षांच्या मुलाला काय आठवते?

मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते, असे मानसशास्त्रातल्या अनेक पाहण्यांत आढळले आहे. यावरून त्याआधीचे मुलाच्या मनात काहीच नसते, असा समज होतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउर यांनी तीन वर्षांच्या मुलांचे पालकांशी झालेले बोलणे नोंदवले आणि काही वर्षांनी त्याच मुलांना तेच प्रसंग पुन्हा विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली गेले. म्हणजे आठवण तयार होते, काही वर्षे राहते आणि शाळेच्या पहिल्या वर्गांत पुसली जाऊ लागते. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : आई गेली तेव्हा मूल साडेतीन वर्षांचे होते आणि आज ते पाच वर्षांचे आहे, तर तिच्या आठवणी अजून त्याच्यापाशी आहेत आणि त्या जपण्याची वेळ आत्ताची आहे. ‘मोठा झाला की सांगू’ असे ठरवाल, तोवर सांगण्यासारखे त्याचे स्वतःचे थोडेच उरलेले असेल.

दुसरा पुरावा अधिक उपयोगी आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात एलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की आया लहान मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल खुले प्रश्न विचारत, तपशील भरत, रंगून बोलतात, तेव्हा ती मुले पुढे अधिक जुन्या आणि अधिक भरीव आठवणी सांगू शकतात. हे कौशल्य जन्मजात असावे लागत नाही, ते शिकता येते. आठवण टिकवण्याचे साधन तुमच्या हातात आहे ते असे. एक सावधगिरी मात्र हवी. आठवण सांगता येत नाही म्हणून मुलाला काही जाणवलेच नाही, असे समजू नका. दीड-दोन वर्षांचे मूलही माणूस नाहीसे झाल्याची दखल झोपेतून, खाण्यातून आणि चिकटून राहण्यातून देत असते.

लग्न ठरण्याआधी करून ठेवायच्या गोष्टी

घरात नवे माणूस आल्यावर जुन्या वस्तू हलवणे अवघड होते आणि त्या हरवणे सोपे. शिवाय त्या वेळी काढलेला प्रत्येक फोटो नव्या जोडीदाराला टोमण्यासारखा वाटू शकतो. म्हणून ही कामे आधीच उरका.

- फोटो, फोनमधले व्हिडिओ, आवाजाचे संदेश दोन्हीकडच्या नातेवाइकांकडून गोळा करा. एक प्रत तुमच्याकडे आणि एक आजोळी किंवा आजी-आजोबांकडे ठेवा.
- प्रत्येक फोटोबरोबर साल, ठिकाण आणि त्यातली माणसे लिहा. नाव नसलेला फोटो वीस वर्षांनी मुका होतो.
- रोजच्या वापरातल्या दोन-चार वस्तू मुलासाठी वेगळ्या ठेवा : एखादी साडी, घड्याळ, हस्ताक्षरातली वही. दागिने असतील तर त्यांची यादी करून ती नातेवाइकांसमक्ष सही करून ठेवा.
- मुलाला आज जे आठवते ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या. चुकीचे वाटले तरी दुरुस्त करू नका.
- मामा, आत्या, मित्र, सहकारी यांच्याकडून एकेक प्रसंग लिहून घ्या. त्यात त्या माणसाचा राग, हट्ट, आवडीनिवडीही येऊ द्या. देवासारखे रंगवलेले आई-वडील मुलाला जवळचे वाटत नाहीत.

मुलाशी बोलताना ‘आठवतं ना तुला?’ असे विचारू नका. त्यात परीक्षा आहे आणि मूल तुम्हाला खूश करण्यासाठी ‘हो’ म्हणते. ‘बाबांबरोबर जत्रेला गेलो होतो, तेव्हा काय काय झालं?’ असे विचारा आणि थांबा. जे तुम्ही सांगत आहात ते ‘हे मी पाहिलं होतं’ किंवा ‘हे मला आजीनं सांगितलं’ असे वेगळे ठेवा. हा फरक मुलाला मोठेपणी फार उपयोगी पडतो.

दुसऱ्या लग्नाची बातमी कशी द्यावी?

बातमी तुम्ही स्वतः द्या आणि ती शेजारणीकडून किंवा पाहुण्यांच्या कुजबुजीतून कळण्याआधी द्या. आई-वडिलांपैकी कोणाचा मृत्यू झाला असेल, तर आधी तो स्पष्ट सांगितलेला असायला हवा. ‘देवाघरी गेली’, ‘गावाला गेलेत’, ‘झोपलेत’ ही उत्तरे लहान मूल शब्दशः घेते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे पुरते कळत नाही, त्यामुळे गावाला गेलेली आई परत येईल आणि तेव्हा ही नवी बाई कुठे जाईल, असा त्याचा हिशेब चाललेला असतो. ‘आई वारली. तिचं शरीर चालायचं बंद झालं. ती परत येणार नाही, पण तिच्याबद्दल आपण केव्हाही बोलू शकतो’ हे कठोर वाटले, तरी मुलाला आधार देणारे आहे. घटस्फोट असेल, तर कोण चुकले हे न सांगता कोण कुठे राहणार आणि भेट केव्हा होणार, एवढे सांगा. त्यानंतर लग्नाविषयी बोलताना तीन गोष्टी नक्की सांगा :

- जे झाले ते तुझ्यामुळे झालेले नाही.
- तुझी आई (किंवा बाबा) तुझीच राहणार. तिची जागा घ्यायला कोणी येत नाही.
- उद्यापासून काय बदलेल आणि काय बदलणार नाही : झोपायची जागा, शाळा, डबा, रविवारची आजी.

नव्या व्यक्तीची गाठ लग्नमंडपात पहिल्यांदा पडू देऊ नका. आधी चार-सहा छोट्या भेटी होऊ द्या. घर, शाळा आणि सांभाळणारी व्यक्ती एकाच महिन्यात बदलण्याचे टाळा.

हाक कोणती आणि शिस्त कोणाची?

पहिल्या दिवसापासून ‘आई म्हण’ असा आग्रह धरला, तर मुलासमोर निष्ठेचा प्रश्न उभा राहतो : हिला आई म्हटले तर माझी आई कोण? मुलापुढे दोन-तीन पर्याय ठेवा आणि निवड त्याला करू द्या. नावापुढे ‘मावशी’, ‘काका’ लावता येईल. पहिली ‘आई’ आणि आताची ‘मम्मी’ असेही बऱ्याच घरांत चालते. तान्हे मूल आपसूक ‘आई’ म्हणू लागले, तर ते थांबवू नका, मात्र जन्म देणारी आई वेगळी होती हे कळत्या वयापासून त्याच्या कानावर असू द्या. पाहुण्यांसमोर हाक बदलायला लावू नका.

शिस्तीबाबत अमेरिकेतल्या मेविस हेदरिंग्टन यांचा दीर्घ अभ्यास उपयोगी आहे. सावत्र आई-वडिलांनी आल्या आल्या अधिकार गाजवला, तर नाते बिघडते. आधी ओळख, जिव्हाळा आणि मुलाच्या सख्ख्या पालकाने लावलेल्या नियमांना पाठिंबा, असा क्रम ठेवला तर ते जुळण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिली काही वर्षे रागावण्याचे काम तुमचे आणि सोबत करण्याचे काम नव्या जोडीदाराचे, असे आपसांत ठरवा. येथे ‘वर्षे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सहा महिन्यांत लळा लागला नाही म्हणून नव्या आईला किंवा मुलाला दोष देणे, हा या वाटेवरचा सर्वांत सामान्य अन्याय आहे.

फोटो, सण आणि आजोळ

फोटो काढू नका, जागा बदला. नवराबायकोच्या खोलीत तो नसावा, ही नव्या जोडीदाराची अपेक्षा रास्त आहे. मुलाच्या खोलीत किंवा अभ्यासाच्या टेबलावर तो असावा, हा मुलाचा हक्क आहे. वर्षश्राद्ध, पितृपक्षातली अविधवा नवमी किंवा तुमच्या रीतीप्रमाणे जो दिवस असेल, त्यात मुलाला वाढायला, पान ठेवायला बरोबर घ्या. आपल्याकडे देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक ठेवणारी घरे आहेत. गेलेल्या माणसाला घरातून हद्दपार करणे ही आपली जुनी रीत नव्हे. आजोळ तोडू नका. आईबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेले तिचे बालपण फक्त तिथेच सांगितले जाते. आजी-आजोबांनाही एक विनंती : मुलाला कुरवाळताना ‘बिचारं पोरकं’, ‘सावत्र आई नीट वागते ना?’ असे बोलू नका. तुमच्या शंकेचे ओझे त्या पोराला वाहावे लागते. खरोखर काळजी वाटत असेल, तर ती मुलाच्या वडिलांपाशी किंवा आईपाशी बोला.

तीन नेहमीच्या हरकती

‘हे सगळं नव्या जोडीदारावर अन्याय करणारं नाही का?’ ही पहिली हरकत आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. मृत व्यक्तीशी तुलना कोणीच जिंकू शकत नाही. पण तुलना होते ती तुम्ही तुमच्या दुःखात रमता तेव्हा, किंवा घरात त्या नावाची चोरी होते तेव्हा. मुलाच्या आठवणीला मोकळी जागा मिळाली, की नव्या व्यक्तीला कोणाची जागा भरून काढायची उरत नाही. तिला फक्त स्वतःचे नाते जोडायचे असते, आणि हे काम कितीतरी सोपे आहे. हे सारे लग्न ठरवतानाच उघड बोला. ज्याला किंवा जिला मुलाच्या आईचा फोटो सहन होणार नाही, त्या व्यक्तीने लग्नाआधीच तसे सांगणे मुलाच्या हिताचे आहे.

‘विषय काढला की मूल रडतं, मग कशाला काढायचा?’ ही दुसरी हरकत. मूल रडते कारण त्याला दुःख आहे. तुमच्या प्रश्नाने ते निर्माण झालेले नसते. बोस्टन परिसरात फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. त्यात बरीच मुले गेलेल्या पालकाशी मनातल्या मनात नाते चालू ठेवताना दिसली आणि ते नाते त्यांच्या सावरण्याचाच भाग होते. मुलाला रोज बोलते करण्याची गरज नाही. दार उघडे आहे एवढे त्याला ठाऊक असले, तरी पुरते.

तिसरी हरकत घटस्फोटित घरांची : ‘पहिला बाप मारकुटा होता, त्याची आठवण कशाला जपायची?’ आठवण जपणे म्हणजे भेट घडवणे नव्हे आणि गौरव करणे तर मुळीच नव्हे. मुलाची सुरक्षितता आधी. धोका असेल, तर भेटीबाबत न्यायालयाकडून अटी घालून घ्या. पण ‘तुला बाप नव्हताच’ असे सांगितलेले मूल पुढे जन्मदाखला पाहते तेव्हा त्याचा तुमच्यावरचा विश्वास डळमळतो. वयाला झेपेल इतके खरे सांगा : ‘ते रागात मारायचे, म्हणून आपण वेगळे झालो. त्यात तुझी चूक नव्हती.’

कागदावरचे हक्क

‘दुसरं लग्न केलं की पहिल्या घरचा हक्क गेला’ हे वाक्य अजून ऐकू येते. त्याला इतिहास आहे. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण मृत पतीच्या मालमत्तेवरचा त्या स्त्रीचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला आणि त्याआधीच १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदलले होते. आज हिंदू कुटुंबांपुरती स्थिती अशी आहे :

- वारसा : आईने पुनर्विवाह केला, तरी मूल आपल्या मृत वडिलांचे पहिल्या वर्गाचे वारस राहते. पतीच्या मृत्यूबरोबर पत्नीला मिळालेला वाटाही पुढच्या लग्नाने जात नाही. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर वारसनोंद लग्नाआधीच करून घ्या आणि हक्कसोड पत्रावर घाईने सही करू नका.
- अज्ञान मुलाची जमीन किंवा घर : न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पालकालाही ते विकता येत नाही.
- पालकत्व : १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात सावत्र वडील किंवा सावत्र आई नैसर्गिक पालक धरलेले नाहीत. तुमचे काही बरेवाईट झाल्यास मूल कोणाकडे राहावे, हे मृत्युपत्रात लिहून ठेवा.
- ताबा : केवळ पुनर्विवाह केला म्हणून मुलाचा ताबा जात नाही. न्यायालय मुलाचे हित पाहते.
- आडनाव : वडिलांच्या पश्चात आई नैसर्गिक पालक असल्याने मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. अधिकार आहे म्हणून बदल करायलाच हवा असे नाही. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारूनच करा.
- सावत्र पालकाचा वारसा : सावत्र मूल साधारणपणे आपोआप वारस होत नाही. त्यासाठी मृत्युपत्र किंवा दत्तकविधान लागते.
- दत्तक : सावत्र वडिलांनी दत्तक घेतल्यास मुलाचे जन्मघराण्याशी कायदेशीर नाते साधारणपणे संपते. आधीच मिळालेला वाटा राहतो, पण पुढे आजोबांकडून मिळू शकणारा वारसा जाऊ शकतो. म्हणून वकिलाशी हिशेब केल्याखेरीज दत्तकपत्र करू नका. जन्मदाता हयात असल्यास त्याच्या संमतीचा प्रश्नही येतो.
- निवृत्तिवेतन : भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेत विधवेचे वेतन पुनर्विवाहानंतर थांबते, मात्र मुलांना २५ वर्षांपर्यंत अनाथ वेतन मिळू शकते. सरकारी नोकरीचे नियम वेगळे आहेत. संबंधित कार्यालयाला लेखी विचारा.
- अपघात भरपाई : विधवेने पुनर्विवाह केला म्हणून भरपाई नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.
- उलट बाजूचे कर्तव्य : २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘पालक’ या शब्दात सावत्र आई-वडीलही येतात. नव्या आईने वाढवलेल्या मुलाकडून तिलाही म्हातारपणी आधार मागता येतो.

मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना वेगळे नियम लागू आहेत. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचे आधीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, त्यामुळे लग्नानंतर ते नव्याने करायला हवे. गोव्यात मुले सक्तीचे वारस असल्याने त्यांचा राखीव अर्धा हिस्सा मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

ते मूल तुम्हीच असाल तर

काही वाचक आज चाळिशी-पन्नाशीत असतील आणि गेलेल्या आईची एकच धूसर आठवण बाळगून असतील. ती खरी की ऐकीव, हा प्रश्न छळतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांच्या १९९५च्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याचा न घडलेला प्रसंग सांगितल्यावर सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. त्यामुळे सावत्र आईच्या छळाची किंवा पहिल्या आईच्या प्रेमाची एकच आठवण धरून कोणावर निवाडा करू नका. दोन्हीकडच्या नातेवाइकांना वेगवेगळे भेटा आणि तुमची आठवण आधी न सांगता त्यांची ऐका. फोटो, शाळेचा दाखला, जुनी पत्रे यांच्याशी ताडून पाहा. पुरावा मिळाला नाही, तरी ती आठवण तुमच्यासाठी मोलाची असू शकते. फक्त तिच्या आधारे दुसऱ्याला आरोपी ठरवता येत नाही.

मदत केव्हा घ्यावी?

सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, शाळेला जायला सतत नकार, पोट दुखण्याची रोजची तक्रार, बोलणे एकदम कमी होणे किंवा ‘मला आईकडे जायचंय’ असे मरणाच्या अर्थाने बोलणे हे काही आठवडे टिकले, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला दाखवा. मरणाचे बोलणे असेल, तर आठवडे मोजत बसू नका, लगेच जा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्यासाठी मोफत आहे. मुलाचा छळ होत असल्याची शंका आली, तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर कळवा. कळवणाऱ्याला पुरावा गोळा करून द्यावा लागत नाही.

दुसरे लग्न ही शरमेची गोष्ट नाही. मुलाला सांभाळायला आणखी एक प्रेमळ माणूस मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्याची किंमत मुलाला त्याच्या पहिल्या आई-वडिलांच्या रूपाने मोजायला लावू नका. या आठवड्यात दोन कामे करा : मुलाला आज जे आठवते ते लिहून घ्या आणि वारसनोंद झाली आहे का ते तपासा. लग्नाची तारीख त्यानंतर काढता येईल.